एक चित्रपट, सहा तासिका



सिनेमाचे नाव निघाले की आपल्या घरांतून दोन सूर उमटतात. वडील म्हणतात, "अभ्यास सोडून सिनेमा कसला?" मुले म्हणतात, "पण अब्बा, तो ऐतिहासिक आहे!" दोघांचेही थोडेथोडे खरे आहे. ऐतिहासिक चित्रपट म्हणजे इतिहास नव्हे. मात्र पाहिल्यानंतर प्रश्न विचारले, तर तो इतिहासाचे दार उघडून देतो.

सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी' (१९७७) मी नववीच्या वर्गाला दाखविला. कंपनी सरकार अवधचे राज्य गिळत असताना लखनौचे दोन जहागीरदार बुद्धिबळात गुंग आहेत, अशी ही कथा. चित्रपट संपल्यावर एका विद्यार्थ्याने खालच्या मानेने विचारले, "सर, आपले नवाब नाचगाण्यात रमले, म्हणूनच राज्य गेले ना?"

प्रश्न मनाला लागला. लगेच उत्तर न देता पुढचा आठवडा आम्ही त्यालाच दिला.

इतिहासाच्या तासाला तारखा फळ्यावर मांडल्या. १७६४ साली बक्सरला पराभव झाला. १८०१ च्या तहाने कंपनीने अवधचा सुमारे निम्मा मुलूख घेतला. १८५६ च्या फेब्रुवारीत रेसिडेंट औट्रमने नवा तह पुढे केला. वाजिद अली शाह यांनी आपली पगडी त्याच्या हाती दिली, परंतु सही दिली नाही. ७ फेब्रुवारीला राज्य खालसा झाले. मग मी विचारले, डलहौसीने सातारा १८४८ मध्ये आणि नागपूर १८५४ मध्ये घेतले, ते कोणत्या नाचगाण्यासाठी? तेथे वारसाचे निमित्त होते, येथे गैरकारभाराचे. निमित्त बदलले, हेतू तोच राहिला. चित्रपटात डलहौसी एकेक संस्थान चेरीच्या फळासारखे तोंडात टाकतो, त्याचा अर्थ मुलांना तेव्हा उमगला.

भूगोलाच्या तासाला गंगा, गोमती आणि घागरा या नद्या नकाशावर काढल्या. एवढा सुपीक गाळाचा प्रदेश म्हणजे केवढा शेतसारा, हे वेगळे सांगावे लागले नाही. गणितात पटाच्या ६४ घरांवर दुपटीने दाणे मांडले. एकूण बेरीज वीस अंकी भरते, हे पाहून वर्ग थक्क झाला. इंग्रजीच्या तासाला औट्रम व कॅप्टन वेस्टन यांचे संभाषण अभ्यासले. संगीताच्या तासाला कथ्थक आले. चित्रपटातील नृत्ये बसविणारे बिरजू महाराज यांचे पूर्वज वाजिद अली शाह यांच्याच दरबारी होते.

भाषेच्या तासाला मात्र खरा वाद रंगला. प्रेमचंदांच्या मूळ कथेत दोन्ही खेळाडू तलवारीने एकमेकांना ठार करतात. चित्रपटात ते जिवंत राहतात आणि पुन्हा डाव मांडतात, तोही इंग्रजी पद्धतीने. अधिक लाजिरवाणे काय, मरणे की खेळत राहणे? मुले तासभर भांडली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सरदारांचा आळस आणि कारभारातील ढिलाई खोटी नव्हती. प्रेमचंदांनी त्यावर कोरडे ओढले, ते योग्यच होते. आपले दोष झाकणारा इतिहास मुलांच्या उपयोगाचा नाही. पण दुसऱ्याने लिहिलेले आरोपपत्र म्हणजेच आपला इतिहास, असे मानणेही घातक आहे. त्याच लखनौत पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, बेगम हजरत महल यांनी अल्पवयीन बिर्जिस कद्र यांना गादीवर बसवून कंपनीशी झुंज दिली.

आठवड्याअखेरीस त्या मुलाने वहीत लिहिले, "नवाब चुकले असतील, पण चोरी कंपनीने केली." मी त्याखाली एवढेच विचारले, "पुरावा कोणता?" त्याने १८०१ चा तह लिहिला आणि शेजारी सातारा व नागपूर.

पालकहो, मुलांबरोबर असा एखादा चित्रपट जरूर पाहा. घरी परतताना त्यांना विचारा, यातले घडलेले किती, रचलेले किती, आणि हे तू कशावरून म्हणतोस? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मूल वाचनालयात गेले, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणून समजा.