संयुक्त बंदूक

संयुक्त बंदूक म्हणजे एकाच दस्त्यावर किमान एक आटे पाडलेली (रायफलची) आणि किमान एक गुळगुळीत (छऱ्याची) नळी असलेली शिकारी बंदूक होय. मध्य युरोपातील जंगलांत एकाच फेरीत पक्षी, ससे, हरणे व रानडुकरे आढळत असल्याने हा प्रकार तेथे रूढ झाला. जर्मनीतील झूल आणि ऑस्ट्रियातील फेरलाख ही त्याच्या निर्मितीची प्रमुख केंद्रे आहेत.

प्रकार

दोन नळ्या शेजारी असल्यास ‘ब्यूक्सफ्लिंटे’ आणि एकीवर एक असल्यास ‘बॉकब्यूक्सफ्लिंटे’ म्हणतात. तीन नळ्यांची ती ‘ड्रिलिंग’ आणि चार नळ्यांची ‘फीअरलिंग’. दुसऱ्या महायुद्धात झाउअर कंपनीने जर्मन हवाई दलासाठी बनवलेल्या ‘एम ३०’ ड्रिलिंगमध्ये १२ बोअरच्या दोन नळ्या व ९.३ × ७४ आर काडतुसाची एक नळी होती.

दुर्बिणीची बैठक

उडता पक्षी टिपताना दुर्बीण आड येते. म्हणून ती चटकन काढता-घालता यावी लागते. झूल पद्धतीच्या बैठकीत दुर्बिणीच्या कड्यांना खाली नख्या असतात. पुढच्या नख्या नळ्यांवरील पट्टीच्या खाचेत अडकवून मागचा भाग खाली दाबला, की स्प्रिंगचा खटका बसतो. ही बैठक प्रत्येक बंदुकीसाठी हाताने कानस मारून जुळवलेली असल्याने एका बंदुकीची दुर्बीण दुसरीवर सहसा बसत नाही.

जुनी दुर्बीण बसवताना

जुन्या जर्मन दुर्बिणींच्या पोलादी नळीचा व्यास बहुधा २६ मिमीच्या आसपास असतो. एक इंची (२५.४ मिमी) कडी त्यांवर आवळल्यास नळी चेपते. अनेक दुर्बिणींत केवळ वर-खाली नेम जुळवण्याची सोय असते. डावी-उजवीकडील चूक बैठक सरकवूनच काढावी लागते. त्यामुळे बैठक कायम करण्यापूर्वी ती नळीशी सरळ रेषेत आणणे आवश्यक ठरते.

नळ्या एकमेकींना मऊ डाखाने जोडलेल्या असतात. जवळ वेल्डिंगसारखी तीव्र उष्णता दिल्यास हा जोड सुटतो व बंदूक निकामी होऊ शकते. म्हणून मूळ बैठकच वापरणे किंवा कमी तापमानाचा डाख देणे इष्ट मानले जाते. भिंगांवरील परावर्तनरोधक लेप झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये विकसित केला. लेप नसलेल्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. त्यामुळे संधिप्रकाशात प्रतिमा मंद दिसते.

नेम तपासण्यासाठी गोळी झाडण्यापूर्वी नळीचे माप घेणे अत्यावश्यक असते. जुन्या ८ मिमी नळ्यांसाठी ०.३१८ आणि ०.३२३ इंच अशा दोन व्यासांच्या गोळ्या प्रचलित होत्या. मोठी गोळी अरुंद नळीत वापरल्यास दाब धोकादायक पातळीपर्यंत वाढतो.

भारतातील कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा रूपांतर व्यवसाय म्हणून करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ती पुरेशी नसल्यास अन्य गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. रायफलची नळी असलेली संयुक्त बंदूक या तरतुदीत बसत नाही.

शहापूर व मुरबाड

ठाणे जिल्ह्यातील या भातशेतीच्या तालुक्यांत रानडुकरांपासून पिकाचे रक्षण हा बंदुकीच्या परवान्याशी निगडित प्रश्न आहे. तानसा अभयारण्याचा भाग शहापूर तालुक्यात, तर भीमाशंकर अभयारण्याचा काही भाग मुरबाड तालुक्यात येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किमीच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने नावनोंदणी करावी लागते, तसेच मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय तेथे नवीन परवाना देता येत नाही. शस्त्रपरवाना असला तरी त्यामुळे शिकारीची परवानगी मिळत नाही. पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबतही कलम ११ नुसार लेखी आदेश आवश्यक असतो.