डीजेइंग शिकायचंय, पण बजेट कमी आहे? पहिला टर्नटेबल आणि मिक्सर घेताना पैसा नेमका कुठे घालायचा?

महाराष्ट्रात ‘डीजे’ म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? वरातीपुढे किंवा विसर्जन मिरवणुकीत चालणारी गाडी आणि तिच्यावर रचलेली स्पीकरची भिंत. आपल्याकडे डीजे हे माणसाचं नाव राहिलेलं नाही, ते यंत्रणेचंच नाव झालंय. ‘डीजे लावला’, ‘डीजे बंद केला’ असं आपण सहज बोलून जातो.

पण डीजे म्हणजे मुळात डिस्क जॉकी, म्हणजे तबकड्या वाजवणारा माणूस. त्याच्यासमोर दोन टर्नटेबल असतात आणि मध्ये एक मिक्सर. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच तालात मिसळायचं, किंवा तबकडी हाताने मागे-पुढे करून स्क्रॅच काढायचा, हे त्याचं काम.

स्क्रॅचिंगचे रील्स बघून हे शिकावंसं वाटणारे बरेच जण आहेत. घोळ होतो तो खरेदीच्या वेळी. ऑनलाइन शोधलं तर सुटकेससारख्या दिसणाऱ्या स्वस्त प्लेयरपासून लाखाच्या घरातल्या मॉडेलपर्यंत सगळ्यालाच ‘टर्नटेबल’ म्हणतात. फोटोत सगळे सारखेच दिसतात. मग साठवलेल्या पैशातून सगळ्यात स्वस्त दोन टर्नटेबल घेतले जातात आणि महिन्याभरात कळतं की यावर स्क्रॅच होतच नाही. वस्तू माळ्यावर जाते आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ असं वाटून शिकणंही थांबतं. खरं तर चूक हाताची नसते, मोटरची असते.

म्हणून पैसे देण्याआधी या गोष्टी समजून घ्या.

आधी हे ठरवा: टर्नटेबलच हवा आहे का?

लग्न, हॉटेल, कॉलेजचे इव्हेंट अशी कामं लवकर सुरू करायची असतील, तर टर्नटेबल ही पहिली गरज नाही. त्यासाठी लॅपटॉपला जोडायचा डीजे कंट्रोलर पुरतो. दोन छोट्या फिरत्या चकत्या आणि मधला मिक्सर असं सगळं त्यात एकत्र येतं आणि सुरुवातीचे मॉडेल दोन टर्नटेबल आणि मिक्सरच्या सेटपेक्षा बरेच स्वस्त पडतात.

टर्नटेबल घ्यायचा तो स्क्रॅचिंग शिकायचं असेल, हिप-हॉपकडे ओढ असेल किंवा खऱ्या तबकड्या वाजवायच्या असतील तर. हे उत्तर स्वतःला प्रामाणिकपणे दिलं, तर निम्मं बजेट तिथेच ठरतं.

बेल्ट की डायरेक्ट ड्राइव्ह? सगळ्यात मोठा फरक इथेच

टर्नटेबलची फिरणारी थाळी, म्हणजे प्लॅटर, दोन पद्धतींनी फिरते. बेल्ट ड्राइव्हमध्ये मोटर बाजूला असते आणि रबरी पट्टा प्लॅटरला फिरवतो. शांत बसून गाणी ऐकायला ही पद्धत चांगली आहे. पण तबकडी हाताने अडवली, मागे ओढली की पट्टा घसरतो. हात सोडल्यावर प्लॅटरला पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात ताल हुकतो. वारंवार असं केलं की पट्टा सैल होतो, तो वेगळाच.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये प्लॅटर थेट मोटरवरच बसलेला असतो. हात सोडताच तो जवळपास लगेच पूर्ण वेगात येतो.

ही पद्धत आली जपानमधून. मात्सुशिता कंपनीचे इंजिनियर शुइची ओबाता यांच्या टीमने डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल विकसित केला आणि १९७० मध्ये टेक्निक्स या ब्रँडखाली एसपी-१० बाजारात आला. १९७२ मध्ये एसएल-१२०० आला. तो घरी गाणी ऐकणाऱ्यांसाठी होता, डीजेंसाठी नाही.

त्याच काळात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात वेगळंच काही घडत होतं. ११ ऑगस्ट १९७३ च्या एका पार्टीपासून हिप-हॉपची सुरुवात मानली जाते. तिथला डीजे होता कूल हर्क. गाण्यातला फक्त तालवाद्यांचा तुकडा लोकांना जास्त नाचवतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून तो तेवढाच तुकडा आळीपाळीने वाजवत लांबवू लागला. पुढे ग्रँड विझर्ड थिओडोर या कोवळ्या वयाच्या डीजेने स्क्रॅचिंगचं तंत्र आणलं. रेकॉर्ड हाताने ओढण्याचा हा प्रकार झेलायला दमदार मोटर लागते. १९७० च्या दशकाच्या शेवटी आलेला एसएल-१२००एमके२ त्यामुळेच जगभरच्या डीजेंचा झाला. आजचे बहुतेक डीजे टर्नटेबल दिसायलाही त्याच्यासारखेच असतात.

थोडक्यात, शिकायला बेल्ट ड्राइव्ह नको. बजेट कमी असेल तर जुना घ्या, पण डायरेक्ट ड्राइव्हच घ्या.

मोटर किती ताकदीची हवी?

मोटरची ही ताकद म्हणजे टॉर्क. एसएल-१२००एमके२ चा टॉर्क १.५ किलोग्रॅम-सेंटीमीटर आहे. पायोनियर डीजेच्या पीएलएक्स-५०० चा साधारण तेवढाच, म्हणजे १.६, तर पीएलएक्स-१००० चा ४.५. बाजारात आले तेव्हा अमेरिकेत पीएलएक्स-५०० ची किंमत ३४९ डॉलर होती आणि पीएलएक्स-१००० ची ६९९, म्हणजे दुप्पट.

पण ज्या एमके२ वर डीजेंच्या कित्येक पिढ्या शिकल्या, त्याचा टॉर्कही १.५ च होता. त्यामुळे नवशिक्याने टॉर्कच्या मोठ्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी१२०एक्सयूएसबी आणि रीलूपचा आरपी-२००० एमके२ हेही या सुरुवातीच्या गटातले डायरेक्ट ड्राइव्ह पर्याय आहेत. मॉडेलच्या नावाकडे मात्र बारकाईने बघा. ऑडिओ-टेक्निकाचाच एटी-एलपी६०एक्स हा बेल्टवर चालणारा, आपोआप सुई ठेवणारा प्लेयर आहे. गाणी ऐकायला ठीक, डीजेइंगला नाही.

टर्नटेबलवर आणखी काय बघायचं?

- पिच फेडर: उजव्या बाजूची ही उभी पट्टी वेग कमी-जास्त करते. साधारण अधिक-उणे ८ टक्के हवेच. १०० बीपीएमचं गाणं यामुळे ९२ ते १०८ पर्यंत नेता येतं. पिच फेडर नसेल तर दोन गाण्यांचे ताल जुळवणार कसे?
- टोनआर्मचं मागचं वजन: ते फिरवून सुईचा दाब ठरवता आला पाहिजे. डीजेंच्या सुयांना साधारण २ ते ४ ग्रॅम दाब लागतो. दाब कमी पडला तर सुई उडते, जास्त झाला तर तबकडी झिजते.
- बदलता येणारं हेडशेल: सुई आणि काट्रिज काढून दुसरं लावता आलं पाहिजे. कायमची बसवलेली सुई असलेला प्लेयर टाळा.

मिक्सर म्हणजे कुठलाही मिक्सर नाही

दुकानात नुसतं ‘मिक्सर द्या’ म्हटलं तर हातात ऑर्केस्ट्रा किंवा सभेचा मिक्सर पडू शकतो. त्यावर माईकसाठी भरपूर चॅनल असतात, पण डीजेला लागणाऱ्या गोष्टी नसतात. डीजे मिक्सरवर किमान या चार गोष्टी हव्यात.

पहिली, क्रॉसफेडर. ही आडवी पट्टी सरकवली की एका बाजूचा आवाज जातो आणि दुसऱ्या बाजूचा येतो. स्क्रॅचमध्ये सगळ्यात जास्त झिजते ती हीच. म्हणून ती बदलता येते का, सुटा भाग मिळतो का, हे आधी विचारा.

दुसरी, हेडफोन क्यू. लोकांना एक गाणं ऐकू येत असताना पुढचं गाणं फक्त तुमच्या कानात वाजलं पाहिजे.

तिसरी, प्रत्येक चॅनलला बास, मिड, ट्रेबल वेगळं कमी-जास्त करायची सोय.

चौथी, आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी, फोनो इनपुट. सुईतून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. फोन किंवा लॅपटॉपचा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. शिवाय रेकॉर्डवर गाणं कोरताना बास मुद्दाम कमी आणि ट्रेबल मुद्दाम जास्त केलेला असतो. तो पूर्ववत करायचं काम फोनो इनपुटच्या आतलं सर्किट करतं. साध्या इनपुटला टर्नटेबल जोडला तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो.

काही टर्नटेबलमध्ये हे सर्किट आतच असतं आणि मागे ‘फोनो-लाइन’ असा स्विच असतो. टर्नटेबल ‘लाइन’वर आणि मिक्सर ‘फोनो’वर राहिला तर आवाज फाटतो. दोन्हीकडे ‘फोनो’ ठेवा. सोबतची ग्राउंडची वायर मिक्सरच्या मागच्या स्क्रूला जोडायला विसरू नका, नाहीतर स्पीकरमधून सतत ‘हम्म्’ असा आवाज घुमत राहतो.

चॅनल किती हवेत? दोन. चार चॅनलच्या मिक्सरचे जादा पैसे सुरुवातीला वाया जातात.

न दिसणारा खर्च

टर्नटेबलची किंमत बघताना तिला दोनने गुणायला लोक विसरतात. दोन टर्नटेबल म्हणजे दोन काट्रिज, दोन सुया आणि दोन स्लिपमॅट. स्लिपमॅट म्हणजे तबकडीखाली घालायची फेल्टची चकती. तिच्यामुळे प्लॅटर फिरत असतानाही वरची तबकडी हाताने धरता येते. टर्नटेबलसोबत रबरी मॅट आली असेल तर ती काढून ही घालावी लागते. शिवाय हेडफोन लागतात. स्पीकर मात्र थांबू शकतात, घरातल्या साध्या स्पीकरवर काम भागतं.

आणि रेकॉर्ड? नव्या एलपी महाग असतात. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या मिळतात, पण तिथे सावध राहा. जुनी नाट्यगीतं आणि भावगीतं अनेकदा ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांवर असतात. त्या ठिसूळ असतात आणि त्यांची खाचही रुंद असते, त्यामुळे त्यांना वेगळी सुई लागते. त्यांच्यावर स्क्रॅच करणं म्हणजे एक जुना ठेवा आणि सुई, दोन्ही घालवणं.

यावर उपाय म्हणजे टाइमकोड रेकॉर्ड. तिच्यावर गाणं नसतं, फक्त एक संकेत असतो. लॅपटॉप तो वाचतो आणि तुमच्या हाताच्या हालचालीप्रमाणे लॅपटॉपमधलं कुठलंही गाणं पुढे-मागे करतो. सेराटोसारख्या सॉफ्टवेअरला यासाठी पैसे मोजावे लागतात. मिक्स हे सॉफ्टवेअर मात्र मोफत आणि मुक्त स्रोत आहे आणि टाइमकोड रेकॉर्डवर चालतं. फक्त दोन्ही टर्नटेबलचा सिग्नल घेईल असं साउंड कार्ड लागतं. मिक्सरमध्येच असं साउंड कार्ड असेल तर वेगळा खर्च वाचतो.

जुनं घ्यायचं असेल तर काय तपासायचं?

मुंबईत इलेक्ट्रॉनिक्ससाठी लोक लॅमिंग्टन रोड गाठतात. जुन्या टर्नटेबलचे व्यवहार मात्र बऱ्याचदा ओळखीतून होतात. कुठूनही घ्या, पण चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

१. टोनआर्म हलक्या हाताने हलवून बघा. सांध्यात खडखड किंवा ढिलेपणा नको.
२. प्लॅटर फिरत असताना त्याच्या कडेला हलकं बोट लावा. लगेच थांबला तर मोटर कमकुवत आहे किंवा तो बेल्टवाला आहे.
३. कडेला ठिपके आणि दिवा असेल तर पिच शून्यावर ठेवा. शून्याच्या ओळीतले ठिपके जागच्या जागी थांबलेले दिसले पाहिजेत. सरकत असतील तर वेग बरोबर नाही.
४. मिक्सरचा क्रॉसफेडर गाणं चालू ठेवून भराभर सरकवा. खरखर आली तर तो बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा.
५. मागची व्होल्टेजची पट्टी वाचा. जपानच्या बाजारासाठी बनलेलं मॉडेल १०० व्होल्टचं असतं. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. थेट प्लग लावला तर यंत्र जळू शकतं. योग्य ट्रान्सफॉर्मरचा खर्च आधीच धरा.
६. सुई जुनी असेल तर नवीच लागणार असं धरून चाला. झिजलेली सुई रेकॉर्ड खराब करते.

सगळं एकदम घेणं परवडत नसेल तर?

मग दोन टर्नटेबल एकदम घेऊच नका. एक चांगला डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल आणि एक दोन चॅनलचा डीजे मिक्सर घ्या. मिक्सरच्या दुसऱ्या चॅनलला फोन जोडा आणि त्यावर एखादा साधा बीट चालू ठेवा. स्क्रॅचचा सगळा पाया असाच शिकला जातो. एक हात तबकडीवर, दुसरा क्रॉसफेडरवर आणि ताल फोनमधून. दोन्ही हातांचा मेळ बसायला काही महिने जातात आणि तेवढ्या काळात दुसऱ्या टर्नटेबलची गरज फारशी भासत नाही.

दोन गाण्यांचे ताल जुळवायला शिकायची वेळ आली की दुसरा घ्या. तो शक्यतो त्याच मॉडेलचा असावा, म्हणजे दोन्हीकडचा पिच फेडर आणि मोटर हाताला सारखी लागेल. आणि काही महिन्यांनी यात रस उरला नाहीच, तर विकायला एकच टर्नटेबल असेल. चालू स्थितीतल्या डायरेक्ट ड्राइव्हला गिऱ्हाईक मिळतं, घसरलेल्या पट्ट्याच्या दोन प्लेयरना मिळणं अवघड.

घरच्यांना ‘डीजे घेतोय’ असं सांगितलं तर त्यांच्या डोळ्यासमोर स्पीकरची भिंतच येईल. तेव्हा त्यांना हेडफोन दाखवा. रोजचा सराव त्यातच होणार आहे, शेजारच्यांना कळणारही नाही.