गुप्तधन, यंत्र आणि कळव्याची जमीन

मराठी लोकसमजुतीत जमिनीखालचे धन दिसते ते पायाळू माणसाला. पायांकडून जन्मलेल्या अशा माणसाच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले की मातीआड पुरलेले हंडे त्याच्या नजरेस पडतात, असे कोकणात आणि घाटावर सारखेच सांगितले जाई. धनावर बसलेला नाग, अमावास्येची रात्र, मागितला जाणारा बळी हा सगळा पसारा त्याभोवतीच उभा राहिला. तो केवळ गोष्टींपुरता राहिला नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. या समजुतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. जमीन हा केवळ पडदा आहे आणि योग्य उपाय सापडला की तो पडदा दूर होतो. मेटल डिटेक्टर नावाच्या यंत्राविषयी आपल्याकडे जी कल्पना रूढ आहे, तीही याच गृहीतावर उभी आहे. अंजनाच्या जागी बॅटरी आली, एवढाच फरक.

प्रत्यक्षात या यंत्राचे बहुतेक आयुष्य धातूशी नव्हे तर जमिनीशी झगडण्यात जाते. हे समजून घ्यायला कळव्याइतकी सोयीची जागा नाही. ठाण्याहून पूल ओलांडून कळव्यात उतरावे आणि पारसिकच्या डोंगराकडे चालू लागावे. थोडक्या अंतरात तीन निराळ्या जमिनी लागतात. खाडीकाठचा तिवरांमधला खारा चिखल ही पहिली. रेल्वे, रस्ते आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने यांच्यासाठी टाकलेल्या भरावाची जमीन ही दुसरी. आणि डोंगराच्या पायथ्याची, काळ्या दगडाच्या झिजेतून तयार झालेली माती ही तिसरी. तेच यंत्र, तेच वेटोळे, तोच चालवणारा हात. तरी तिन्ही ठिकाणी ते तीन भाषा बोलते.

यंत्राचे तत्त्व साधे आहे. एका तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार होते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ साली हेच तत्त्व वापरून गोळी लागलेल्या अमेरिकन अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील शिसे शोधण्याचा प्रयत्न केला. प्रयोगशाळेत नीट चाललेले उपकरण रोग्याच्या खोलीत भलतेच आवाज देऊ लागले. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, हे त्या अपयशाचे एक कारण पुढे सांगितले गेले. उपकरण खोटे बोलत नव्हते, पण त्याला प्रश्न विचारला होता गोळीविषयी आणि ते उत्तर देत होते गादीविषयी. या विद्येचा पुढचा बराचसा इतिहास ‘गादी’चा आवाज वेगळा काढण्याचा इतिहास आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पारसिकचा डोंगर हीच आपली गादी. दख्खनच्या पठाराप्रमाणे तो ज्वालामुखीच्या लाव्हाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टचा आहे. या काळ्या दगडात मॅग्नेटाइटच्या जातीची लोहखनिजे बारीक कणांच्या रूपात विखुरलेली असतात. दगड झिजला तरी ते कण मातीत उरतात. यंत्राचे क्षेत्र त्यांना भेटले की तेही उत्तर देतात, आणि बऱ्याचदा ते उत्तर वीतभर खाली पडलेल्या नाण्याच्या उत्तराहून कितीतरी मोठे असते. (येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. लाव्हा थंड होताना या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा स्वतःत गोठवून ठेवली. १९५० च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील क्लेग आणि त्यांचे सहकारी, आणि पाठोपाठ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अभ्यासक यांनी ती दिशा मोजली, तेव्हा हा लाव्हा ओतला गेला त्या काळी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती असे दिसून आले. धनाच्या शोधात निघालेल्याला जो आवाज म्हणजे निव्वळ गोंगाट, त्यातच एका खंडाचा प्रवास नोंदलेला होता.)

या गोंगाटावर उपाय आहे. खनिजाचे उत्तर आणि धातूचे उत्तर यांत वेळेचा सूक्ष्म फरक असतो; खनिज जवळजवळ तत्काळ उत्तर देते, धातू किंचित रेंगाळतो. धातू नसलेल्या जागी वेटोळे हळूहळू खालीवर करायचे आणि जमिनीचा प्रतिसाद शून्यावर येईल असे यंत्र जुळवायचे, याला भूसंतुलन म्हणावे. डोंगराच्या पायथ्याशी ते दर काही पावलांनी पुन्हा करावे लागते, कारण मुरूम, माती आणि उघडा खडक यांतील खनिजाचे प्रमाण सारखे नसते. वेटोळे जमिनीला समांतर आणि ठरावीक उंचीवर ठेवावे लागते, हात संथ लागतो. नवशिक्याचा हात नेमका उलट वागतो. तो संवेदनक्षमता शेवटच्या अंकापर्यंत चढवतो आणि मग जमीन इतकी ओरडू लागते की नाणे ऐकूच येत नाही. खनिजयुक्त जमिनीत संवेदनक्षमता उतरवल्यानेच अधिक ऐकू येते.

खाडीच्या चिखलात प्रश्न निराळा. तेथे गोंगाट खनिजाचा नसून मिठाचा असतो. खारे पाणी स्वतःच वीजवाहक असल्याने सगळा ओला चिखल हाच एक पसरलेला, पातळ धातू असल्यासारखा वागतो. भरतीनंतर आणि ओहोटीत, मे महिन्यात आणि पावसाच्या पाण्याने खाडी गोडावते त्या श्रावणात, तीच जागा वेगवेगळे बोलते. शिवाय मिठाचा प्रतिसाद ज्या पट्ट्यात येतो, त्याच पट्ट्यात बारीक सोन्याचाही येतो. म्हणजे मीठ गप्प करायला जावे तर बारीक सोनेही गप्प होते. सतत लहर न सोडता क्षणभर स्पंद सोडून मागे उरणारा ओसरता प्रतिसाद मोजणारी यंत्रे येथे अधिक उपयोगी पडतात. पण लोखंड कोणते आणि तांबे कोणते हे सांगण्यात ती कच्ची असतात.

भरावाच्या जमिनीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंतची रेल्वे खाडी ओलांडून याच बाजूने गेली आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कारखाने आले. खिळे, तारा, भट्टीची मळी, पत्र्याचे तुकडे यांनी ती माती भरलेली आहे. तेथे लहान वेटोळे घ्यावे आणि फार अपेक्षा ठेवू नये.

आता खोलीचा मुद्दा. लहान वस्तूचा प्रतिसाद अंतराच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झाले की आवाज चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे सुटे नाणे साध्या यंत्राला वीतभर, फार तर दीड वीत खोलीपर्यंतच कळते. लोककथेतला हंडा पुरुषभर खोल असतो. यंत्राची दृष्टी नांगराच्या फाळाइतकीच पोचते.

हे सगळे साहित्याच्या अभ्यासकांना कशासाठी सांगायचे? कारण भूसंतुलन या शब्दात एक निवड दडलेली आहे. धातू ऐकू यावा म्हणून यंत्र जमिनीला मौन पाळायला लावते. इतिहासाला मात्र नेमकी तीच जमीन हवी असते. संदर्भाशिवाय सापडलेल्या ओळीचे काय होते, हे पाठचिकित्सा शिकलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

कळव्याच्या पुलाच्या ठाण्याकडील टोकाजवळच एक उदाहरण आहे. आज जेथे मध्यवर्ती कारागृह आहे, तो मूळचा पोर्तुगीजांचा किल्ला. १७३७ साली मराठ्यांनी आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी तो घेतला. १७८७ साली किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७ चा ताम्रपट सापडला. जनरल कार्नॅकने कळवलेले आणि रामलोचन पंडितांनी उलगडलेले त्याचे भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात आले. उत्तर कोकणच्या शिलाहारांचा अभ्यास तेथून सुरू झाला असे मानता येईल. अक्षीच्या मराठी शिलालेखातील केशिदेव हा हाच अरिकेसरी की नंतरचा कोणी, आणि तो लेख शं. गो. तुळपुळे म्हणतात तसा शके ९३४ चा की बराच अलीकडचा, या वादातही अरिकेसरीच्या या तिथीला महत्त्व आहे. मराठीचा आद्य लेख कोणता या प्रश्नाची एक दोरी अशी ठाण्याच्या त्या पायाशी बांधलेली आहे. ताम्रपट वाचला गेला, कारण त्यावर अक्षरे होती. तो ज्या थरात होता, त्या थराच्या जागी पाया उभा राहिला.

आणि ज्या धातूवर अक्षरे नसतात किंवा दोन-चारच असतात, त्यांचे काय? नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली. क्षत्रप नहपानाच्या त्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एकेक नाणे सुटे विकले गेले असते तर ती केवळ जुनी चांदी होती. एकत्र राहिली म्हणून ती एका राजवटीच्या पराभवाचा पुरावा ठरली.

उलट उदाहरण अगदी अलीकडचे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला. शिवाजी सावंतांच्या १९७९ सालच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात संभाजीराजांनी १६८१ च्या आरंभी मारलेल्या बुऱ्हाणपूरच्या छाप्याचे दृश्य आहे. मार्चच्या पहिल्या दिवसांत त्याच बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत रात्री विजेऱ्यांच्या उजेडात माणसे खणताना दिसू लागली. काहींच्या हाती मेटल डिटेक्टर होते. महामार्गाच्या कामातून आणून टाकलेल्या मातीत नाणी निघाल्याची अफवा उठली होती. पोलीस आले, खणणारे पांगले, शेतांत खड्डे राहिले. कादंबरीचा वाचक ते प्रेक्षक आणि प्रेक्षक ते खणणारा हा प्रवास आपल्या वाङ्मयव्यवहाराच्या अभ्यासात नोंदवला जावा इतका विलक्षण आहे. ललित कृतीला नकाशा समजून वाचण्याचा हा प्रकार. या लोकांना लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण बुऱ्हाणपूर ही खरोखरच मोगलांच्या खानदेश सुभ्याची राजधानी होती, तिच्या परिसरात नाणी मिळणे मुळीच अशक्य नाही, आणि म्हणूनच त्या खड्ड्यांचे दुःख अधिक. मिळाले असेल ते नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापरासोबत, एकटे की पुंजक्यात, हे आता कोणाला सांगता येईल?

गंमत अशी की १८७८ च्या गुप्तधन कायद्याला हा प्रश्न ठाऊक आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे असे तो सांगतो; आणि त्या सूचनेत तीन गोष्टी मागतो: धनाचे स्वरूप व अंदाजे मूल्य, सापडल्याची जागा आणि तारीख. मालक न निघाल्यास तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक जमीनमालकाला, ही तरतूदही त्यात आहे. ती फारशी कोणाला माहीत नसते, कारण ‘सरकार सगळे नेते’ अशी समजूत पक्की आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीवाचून खणणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे, मग हाती यंत्र असो वा कुदळ. खरे तर कळव्यासारख्या गावात जमिनीचे थर सर्वाधिक उलथतात ते जेसीबीने. त्यापुढे यंत्रवाल्याचा अपराध किरकोळ म्हणावा लागेल.

यंत्र मुळातच इतिहासाचे वैरी आहे, असे मात्र नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या १८७६ सालच्या रणभूमीवर १९८३ मध्ये वणवा लागून गवत जळाले, आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांना ठरावीक अंतरावर एका ओळीत उभे करून मेटल डिटेक्टरने ती भूमी विंचरली. आवाज आला की खणायचे नाही, झेंडी रोवायची. प्रत्येक गोळी आणि काडतूस कोठे, कोणत्या दिशेने पडले होते हे नकाशावर आल्यावरच ते उचलले गेले, आणि लढाईच्या प्रचलित कथनात बरेच फेरफार करावे लागले. वसईच्या मोहिमेच्या रणभूमीवर, १७३७ ते १७३९ च्या मुक्कामांवर आणि मोर्च्यांच्या जागी असे काम कोणी हाती घेतले, तर बखरींतील वर्णनांशी ताडून पाहण्याजोगे काही मिळेल असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

नोंदीची ही शिस्त ठाणे जिल्ह्याला नवी नव्हती. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला, तेव्हा त्यांच्याजवळ कोणतेही यंत्र नव्हते. विटांच्या गाभ्यात दगडी पेटी मिळाली. तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती बुद्धांच्या आठ मूर्ती. मग एकात एक चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा करंडक. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे. काय कोठे होते, कशाच्या आत कशाला लागून होते, हे त्यांनी लिहून ठेवले म्हणून आज त्या पूजेची सगळी रचना आपल्याला कळते. सोन्याच्या करंडकात, म्हणजे सर्वांत आत, मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते तेथे ठेवले असावेत, असे भगवानलालांनी मानले. हे सर्व अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.