तुकडा तपासायला पाठवला, तेव्हा

तळपायावर किंवा घोट्याजवळ वर्षानुवर्षे असलेली लालसर गाठ एकाएकी वाढते, चप्पल घासून तिच्यातून रक्त येते. घरचे तिला चामखीळ समजतात. मुरलेल्या डॉक्टरलाही ती नुसती पाहून ओळखता येत नाही. घामाच्या ग्रंथीच्या नळीत उगवणारा हा कॅन्सर, एक्रिन पोरोकार्सिनोमा, ओळखायला सूक्ष्मदर्शकच लागतो.

डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ मध्ये पुण्यात ससून रुग्णालय उभे राहिले, तेव्हा या आजाराला नावही नव्हते. अमेरिकेत पिंकस आणि मेहरेगन यांनी त्याचे वर्णन केले ते १९६३ मध्ये. आज वापरात असलेले नाव मिशिमा आणि मोरिओका यांनी १९६९ मध्ये दिले. माणसाच्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात, तरी त्वचेच्या दहा हजार गाठींत असा कॅन्सर जेमतेम एक.

त्वचेच्या एका वेगळ्या कॅन्सरकडे लक्ष वेधले ते मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या वसंत खानोलकरांनी. १९४५ मध्ये सहकारी सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी धोतराच्या कॅन्सरची नोंद केली. घट्ट कसलेले धोतर कमरेला वर्षानुवर्षे काचते, तिथेच जखम होते. तिथे कारण रुग्णाच्या नेसण्यातच दिसत होते. घर्मग्रंथीच्या कॅन्सरमागे अशी कुठलीच सवय सापडत नाही, आणि म्हणून सारी भिस्त पॅथॉलॉजिस्टवर.

पुण्यात १९४६ मध्ये बी. जे. मेडिकल कॉलेज आणि १९४८ मध्ये सैन्यदलांचे वैद्यकीय महाविद्यालय, एएफएमसी, सुरू झाले. त्यांतून पॅथॉलॉजी शिकलेल्या डॉक्टरांच्या पिढ्या बाहेर पडल्या. कामाची रीत आजही मुळात तीच आहे. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये येतो, मग मेणाच्या ब्लॉकमध्ये बसतो. मायक्रोटोमवर त्याचे चार-पाच मायक्रॉनचे काप निघतात आणि जांभळ्या-गुलाबी रंगात रंगतात. गोंधळ नेहमीचाच: पेशी स्क्वॅमस कॅन्सरसारख्या दिसतात. मग नजर शोधत राहते ती बारीक पोकळी, घाम वाहून नेणाऱ्या नळीची खूण. ती पुसट असेल, तर सीईए आणि ईएमए या चाचण्या तिचे अस्तर उठवून दाखवतात.

तरीही शंका उरली, तर नातेवाईक ब्लॉक आणि स्लाइड पिशवीत घालून मुंबईत परळचे टाटा मेमोरियल गाठतात. ‘टाटाला दाखवून या’ हे वाक्य पुण्यातल्या कितीतरी घरांनी ऐकले आहे. ही धावपळ वाया जात नाही. पाचातल्या साधारण एका रुग्णात गाठ पुन्हा उगवते, तितक्याच रुग्णांत ती लसिकाग्रंथींपर्यंत पोचते. रिपोर्टवर हे नाव आले की सर्जन भोवतीची निरोगी कातडीही काढतो, आणि गाठ पायावर असेल तर जांघेतल्या लसिकाग्रंथीही चाचपून पाहतो.