दोन मजल्यांचे दान

लंडनच्या मँचेस्टर स्क्वेअरमधले हर्टफर्ड हाउस २२ जून १९०० रोजी ‘वॉलेस कलेक्शन’ म्हणून खुले झाले. उमरावांची हवेली, आत त्यांचाच संग्रह. तेव्हा दोन्ही एकत्रच दान मिळाली असणार, असे पाहणाऱ्याला वाटते. दस्तऐवज मात्र वेगळे सांगतात.

आधी शेवटचा दस्त पाहू. लेडी वॉलेस १६ फेब्रुवारी १८९७ रोजी वारल्या. त्यांच्या मृत्युपत्राने राष्ट्राला चित्रे, पोर्सेलीन, फर्निचर, शस्त्रे आणि चिलखते दिली. पण कोणती, हे जागेवरून ठरवले. हर्टफर्ड हाउसच्या तळमजल्यावर, पहिल्या मजल्यावर आणि कलादालनांत जे असेल, तेवढेच. या दानात घर नाही. उलट सरकारने लंडनच्या मध्यवर्ती भागात जागा द्यावी, खास संग्रहालय बांधावे, संग्रह एकत्र ठेवावा आणि त्यात दुसऱ्या कलावस्तू मिसळू नयेत, अशा अटी आहेत.

मग या दोन मजल्यांवर काय होते? पती सर रिचर्ड वॉलेस १८९० मध्ये वारल्यावर घरातल्या वस्तूंची खोलीवार यादी झाली. हा पुरावा भक्कम आहे, पण यादी आणि दान यांच्यात सात वर्षे आहेत. १८९० मध्ये अमुक वस्तू अमुक खोलीत होती, हे निश्चित. १८९७ मध्येही ती तिथेच होती, हे अनुमान.

आता मागे जाऊ. हे घर १७७६ ते १७८८ दरम्यान मँचेस्टरच्या ड्यूकसाठी बांधले गेले आणि १७९७ मध्ये हर्टफर्डच्या दुसऱ्या मार्क्विसकडे आले. संग्रहाचा मोठा भाग जमवणारे चौथे मार्क्विस मात्र पॅरिसला राहत. ते १८७० मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्राची १८५० सालची एक पुरवणी निर्णायक ठरली. घराण्याला बांधलेली नव्हती तेवढी सगळी मालमत्ता तिने रिचर्ड वॉलेस यांना दिली. कारण नोंदले आहे ते मार्क्विसांच्या आईची केलेली सेवा आणि मार्क्विसांच्या स्वतःच्या आजारपणात दाखवलेली निष्ठा. ‘मुलगा’ हे नाते तिथे लिहिलेले नाही.

वॉलेस १८१८ मध्ये लंडनला जन्मले आणि लहानपणी रिचर्ड जॅक्सन या नावाने ओळखले जात. आई ॲग्नेस जॅक्सन, माहेरची वॉलेस. १८४२ मध्ये पॅरिसला बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्यांनी आईचे माहेरचे आडनाव घेतले. इथवर कागद बोलतात. मार्क्विस हेच वडील असावेत, हे संभाव्य आहे, सिद्ध नाही.

किताबाबरोबर हर्टफर्ड हाउस पाचव्या मार्क्विसांकडे गेले. संग्रह एकाचा, घर दुसऱ्याचे. पॅरिसने वेढा आणि कम्यून सोसल्यानंतर वॉलेस यांनी १८७१ मध्ये या घराचा भाडेपट्टा विकत घेतला आणि संग्रहातला मोठा हिस्सा लंडनला हलवला. घराचा विस्तार चालू असताना, १८७२ ते १८७५, तो बेथनल ग्रीनच्या संग्रहालयात मांडला होता. त्या प्रदर्शनाची छापील सूची आजही आधाराला आहे; समुद्र ओलांडून तोवर काय पोहोचले होते, ते तीवरून कळते.

वॉलेस यांच्या स्वतःच्या मृत्युपत्रात राष्ट्राला दान नाही. सर्व काही पत्नीला आहे. दानाची कल्पना मुळात त्यांची असावी, असे मानायला जागा आहे. सही मात्र पत्नीची आहे.

१८९७ मध्ये संग्रह आणि घर पुन्हा वेगळे झाले, कारण उरलेल्या मालमत्तेचे वारस जॉन मरे स्कॉट होते. लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या समितीने नवी इमारत न बांधता हर्टफर्ड हाउसच घेण्याची शिफारस केली आणि सरकारने ते विकत घेतले. म्हणजे १८७० आणि १८९७, दोन्ही वेळा वारसाहक्काने कला आणि वास्तू यांची फारकत केली. दोन्ही वेळा त्यांना एकत्र आणले ते खरेदीने.

दानाच्या अटींचा अर्थ लावणे मात्र संपलेले नाही. दुसरीकडच्या वस्तू तात्पुरत्या आणणे किंवा आपल्या पाठवणे, दोन्हींना मनाई आहे, असेच शतकभर धरले गेले. २०१९ मध्ये चॅरिटी कमिशनच्या आदेशाने संग्रहातल्या वस्तू तात्पुरत्या बाहेर देण्याची मुभा मिळाली. मृत्युपत्राचा मजकूर तोच आहे. त्यातून काय निघते याचा निर्णय प्रत्येक पिढीला कागद पुढ्यात ठेवूनच करावा लागतो.