यंत्राच्या दौर्बल्यातून जन्मलेला वेग

जपानच्या ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा नाणेयंत्रावरचा व्हिडिओ खेळ सिद्ध केला, तेव्हा पाच रांगांतील पंचावन्न शत्रू एकसमयावच्छेदेकरून वेगाने हलविण्याचे सामर्थ्य त्या यंत्रात नव्हते. म्हणून फौज पूर्ण असताना तिची चाल संथ राही, आणि एकेक शत्रू गारद होऊ लागला की यंत्रावरचा भार हलका होऊन उरलेल्यांची गती वाढत जाई, ती इतकी की अखेरचा एकटा शत्रू पडद्यावर सुसाट धावत सुटे. निशिकादो यांनी हे वैगुण्य दूर न करता हेतुपुरस्सर राखले. विजय समीप येताच संकट तीव्र करणारी ही योजना मला सर्वश्रेष्ठ वाटते. याउलट, पुढे नाणेयंत्रांत रूढ झालेली, हरलेल्या खेळाडूसमोर उलटे आकडे मोजीत आणखी नाणे मागण्याची रीत म्हणजे निव्वळ जुलमाची वसुली होय. तिच्यात कसबाची कदर नाही.