ऊस : जिवाणू खते व नत्र

उसासाठी नत्र देणारा सर्वांत उपयुक्त जिवाणू म्हणजे ॲसिटोबॅक्टर. ब्राझीलमधील योहाना डोबेरायनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये त्याची नोंद केली. नत्र देणारा दुसरा जिवाणू, ॲझोटोबॅक्टर, मुळांभोवतीच्या मातीत वाढतो. ॲसिटोबॅक्टर मात्र उसाच्या मुळांत, खोडात व पानांत राहतो, भरपूर साखर सहन करतो आणि हवेतील नत्र आतूनच पिकाला मिळवून देतो.

महाराष्ट्रातील शिफारशीनुसार १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर व १.२५ किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू मिसळून टिपऱ्या ३० मिनिटे बुडवतात. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी उरकावी, दोन्ही एकत्र करू नयेत. या जिवाणू प्रक्रियेमुळे नत्रखतात ५० टक्क्यांपर्यंत व स्फुरदात २५ टक्के बचत होऊ शकते, असे शिफारस सांगते.

तरी युरिया पूर्ण बंद करणे चूकच. सुरू हंगामातील उसाला हेक्टरी २५० किलो नत्र लागते. ते लावणीला १०, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० व मोठ्या बांधणीला ४० टक्के असे विभागून देतात. जादा नत्रामुळे उसातील ॲसिटोबॅक्टरची संख्या घटते, म्हणून बचतीचा हिशेब सुरुवातीपासूनच धरावा लागतो.

धाराशिव जिल्ह्यात ढोकीचा तेरणा, रांजणीचा नॅचरल शुगर अशा कारखान्यांभोवती ऊस वाढला, पण पाऊस बेभरवशाचा. कोरड्या, तापलेल्या जमिनीत जिवाणू तग धरत नाहीत. त्यामुळे इथे ठिबक, पाचटाचे आच्छादन व शेणखत ही जिवाणू खतांची पूर्वअटच ठरते.